बोधिवृक्षाची शाखा : बोधगया ते दीक्षाभूमी

नागपूरच्या दीक्षाभूमीवर स्तूपाशेजारी जो बोधिवृक्ष उभा आहे, त्याच्याखाली गळून पडलेले पान उचलून ते वहीत किंवा ग्रंथाच्या पानांत जपून ठेवणारे उपासक-उपासिका दरवर्षी अशोक विजयादशमीला पाहावयास मिळतात. पालि विषयाच्या माझ्या एका विद्यार्थ्याने या दृश्याविषयी एकदा सरळ प्रश्न केला : "सर, आपण मुंजा सोडला, पिंपळाला सूत गुंडाळणे सोडले, सोमवतीच्या प्रदक्षिणा सोडल्या. मग पुन्हा पिंपळापुढेच हात का जोडायचे?" प्रश्न उद्धट नव्हता. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातील मुलाने तो विचारलाच पाहिजे होता. त्याला वर्गात दिलेले उत्तर माझे मलाच अपुरे वाटले. म्हणून या वृक्षाचा इतिहास पालि वाङ्मय, चिनी प्रवाशांचे वृत्तांत आणि पुरातत्त्वाच्या नोंदी यांच्या आधारे पुन्हा तपासून पाहावा, असे ठरविले. प्रस्तुत लेख हा त्या तपासणीचा वृत्तांत होय.

प्रथम वृक्षाविषयीच दोन शब्द. पिंपळ हा वड आणि उंबर यांच्या कुळातील. या कुळाची फुले बाहेर दिसत नाहीत. ती फळासारख्या दिसणाऱ्या गाठीच्या आत असतात. उंबर फोडले की आत चिलटे दिसतात, हे आपल्या खेड्यांतील प्रत्येक मुलाला ठाऊक असते. ती चिलटे म्हणजे त्या झाडाचा आधार आहे. गांधीलमाशीच्या दूरच्या नात्यातील हे अतिसूक्ष्म कीटक परागकण आत नेतात. त्यांच्याशिवाय बी धरत नाही. पिंपळाचा कीटक वेगळा, वडाचा वेगळा. जेथे पिंपळाचा कीटक नाही तेथे पिंपळ वाढतो, पाने सळसळतात, पण बी निर्जीव राहते. जेथे कीटक आहे तेथे पक्षी आणि वटवाघळे फळे खातात आणि विष्ठेतून बी भिंतीच्या फटीत, देवळाच्या कळसावर, जुन्या स्तूपाच्या विटांमध्ये पेरतात. बी रुजले की मूळ विटा फोडत खाली उतरते. ज्या वृक्षाखाली तथागतांना संबोधी लाभली त्याच जातीच्या झाडाने त्यांच्या धातूंवर उभारलेल्या वास्तू पोखराव्यात, ही गोष्ट पुरातत्त्वाच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांना नवी नाही.

बी आणि शाखा यांतील भेद या लेखात महत्त्वाचा आहे. बीपासून उगवलेले झाड हे मूळ झाडाचे अपत्य असते. शाखेपासून वाढविलेले झाड मात्र तेच झाड असते; फक्त जागा बदललेली असते. हा भेद आधुनिक वनस्पतिशास्त्राने प्रथम सांगितला असे कोणी समजू नये. विनयपिटकातील पाचित्तिय विभागात भूतगाम नावाचे शिक्षापद आहे. त्याच्या विभंगात वनस्पती कशापासून वाढतात याचे पाच प्रकार दिले आहेत : मूलबीज, खन्धबीज, फळुबीज, अग्गबीज आणि बीजबीज. हळद आणि आले मुळापासून, ऊस आणि वेळू पेरापासून, धान्ये बीपासून. यांतील खन्धबीज म्हणजे खोडापासून किंवा फांदीपासून वाढणाऱ्या वृक्षांची जी यादी आहे तिच्यात पहिले नाव अस्सत्थ, म्हणजेच पिंपळ, आणि त्यानंतर निग्रोध, म्हणजे वड. भिक्खूंनी झाडे तोडू नयेत एवढा नियम सांगण्यासाठी ही माहिती आवश्यक होती. परंतु ती देताना विनयधरांनी शेतकऱ्याच्या आणि माळ्याच्या अनुभवाचे नीट वर्गीकरण करून ठेवले.

या शिक्षापदाची निदानकथाही लक्षणीय आहे. आळवी येथील भिक्खू नवीन बांधकामासाठी झाडे तोडत होते. एका झाडावर राहणाऱ्या देवतेने, माझे घर तोडू नकोस, अशी विनवणी केली. भिक्खूने ऐकले नाही आणि घाव तिच्या मुलाच्या हातावर बसला. तिच्या मनात भिक्खूला ठार करण्याचा विचार आला, पण तिने तो आवरला आणि ती तथागतांकडे गेली. तथागतांनी तिची प्रशंसा केली व दुसऱ्या रिकाम्या झाडावर राहावयास सांगितले. कथेचा हा भाग त्या काळच्या समजुतीचा आहे. पुढचा भाग मात्र इतिहासाच्या अभ्यासकाने बारकाईने वाचावा असा आहे. लोक कुरकुर करू लागले की हे समण एकेंद्रिय जीवाची हिंसा करतात. आणि नियम झाला तो लोकांच्या या तक्रारीवरून. वर्षावासाची उत्पत्तीही अशाच तक्रारीतून झाली आहे. पावसाळ्यात हिरवे गवत तुडवीत व बारीक जीव मारीत हे समण हिंडतात, पाखरेसुद्धा या दिवसांत झाडावर घरटे करून राहतात, असे लोक म्हणाले. आणि भिक्खूंनी पावसाळ्यात एका जागी राहावे, असे ठरले. ज्या वर्षावासात आज आपल्या विहारांतून ग्रंथवाचन चालते, त्याच्या मुळाशी पायाखालच्या गवताची काळजी आहे. ती भिक्खूंना सांगणारे लोक सामान्य होते.

आता बोधिवृक्षाकडे वळू. तथागत हयात असतानाच त्याची रोपे अन्यत्र नेली गेली, असे कालिंगबोधि जातकाच्या (क्र. ४७९) निदानकथेत सांगितले आहे. तथागत चारिकेला गेले की जेतवनात फुले घेऊन येणाऱ्यांना ती कोठे वाहावीत हे कळत नसे. ते गंधकुटीच्या दाराशी ठेवून जात. अनाथपिंडिकाने हे आनंदाला सांगितले, आनंदाने तथागतांना विचारले. चैत्य तीन प्रकारचे असतात, शारीरिक, पारिभोगिक आणि उद्देशिक. त्यांपैकी शारीरिक चैत्य बुद्धांच्या परिनिर्वाणानंतरच होऊ शकते, परंतु बोधिवृक्ष बुद्ध हयात असतानाही चैत्य होऊ शकतो, असे उत्तर मिळाले. मोग्गल्लान थेरांनी गयेहून फळ आणले. रोप लावण्याचा मान कोसलराज पसेनदीला देण्यात आला, तेव्हा राजाने विचार केला की राज्य आपल्याकडे कायम राहत नाही. म्हणून त्याने ते अनाथपिंडिकाच्या हातून लावून घेतले. हा वृक्ष पुढे आनंदबोधी म्हणून ओळखला गेला.

ही कथा अट्ठकथेतील आहे, म्हणजे बरीच उत्तरकालीन आहे, हे मी विसरत नाही. परंतु कथाकाराने राजाच्या मनात घातलेला तो विचार मला फार अर्थपूर्ण वाटतो. बोधिवृक्षाचा पुढील दोन हजार वर्षांचा इतिहास पाहिला तर त्या विचाराची प्रचीती पुनःपुन्हा येते.

बोधगयेच्या मूळ वृक्षावर आघात झाले ते बहुतेक राजघराण्यांकडूनच. महावंसात सम्राट अशोकाची राणी तिस्सरक्खा हिने मत्सराने मण्डु नावाच्या काट्याचा उपयोग करून वृक्ष मारल्याचे म्हटले आहे. संस्कृत अशोकावदानात हीच कथा निराळ्या रीतीने येते. तेथे राणी एका मातंगी स्त्रीकडून मंत्र घालवते व झाडाला दोरा बांधविते; झाड सुकू लागते, राजा शोकाकुल होतो आणि मग राणी तिलाच ते पुन्हा जिवंत करावयास सांगते. ती दोरा सोडते आणि दुधाने झाड वाढविते. मत्सर राणीचा, आज्ञा राणीची. पण कथाकाराला कर्म करणारा हात मातंगीचाच लागतो. बौद्ध ग्रंथांतही जातीची सावली कशी शिरली होती याचा हा एक पुरावा समजावा. झाड मारण्याचे आणि पुन्हा जगविण्याचे ज्ञान मात्र कथाकार त्याच मातंगीकडे सोपवितो, हेही नोंदवून ठेवण्यासारखे आहे.

इ. स. सातव्या शतकात बोधगयेला आलेला ह्युएन त्संग आणखी निराळे सांगतो. त्याच्या वृत्तांताप्रमाणे अशोकानेच धम्म स्वीकारण्यापूर्वी झाड तोडून जाळले, आणि त्या अग्नीतून पुन्हा पालवी फुटलेली पाहून त्याला पश्चात्ताप झाला. नंतर राणीने ते तोडविले. अशोकाने दूध घालून पुन्हा वाढविले व भोवती दगडी भिंत घातली. ह्युएन त्संगाच्या थोड्या आधीच्या काळात गौडराज शशांकाने झाड तोडले, पाण्याची पातळी लागेपर्यंत मुळे खणली, उरलेली जाळली आणि वर उसाचा रस ओतला. मग मगधाच्या पूर्णवर्म्याने कित्येक हजार गाईंचे दूध ओतले आणि एका रात्रीत झाड दहा फूट वाढले!

एका रात्रीत दहा फूट वाढणारे झाड नाही, हे सांगण्याची आवश्यकता नाही. परंतु चमत्कार वजा केल्यानंतर जे उरते ते टाकून देण्यासारखे नाही. तोडलेल्या पिंपळाच्या बुंध्यातून आणि मुळांतून नवे धुमारे फुटतात, आणि ते झपाट्याने वाढतात. घराच्या भिंतीतील पिंपळ काढण्याचा प्रयत्न ज्याने केला आहे त्याला हे कळावयास ह्युएन त्संग वाचावा लागत नाही. तोडणारा राजा गेला की झाड पुन्हा वर येते, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले होते; त्या पाहण्याला दुधाची कथा जोडली गेली. शशांकाच्या कृत्याबद्दल काही इतिहासकारांनी शंका घेतली आहे, कारण ह्युएन त्संग हा शशांकाचा प्रतिस्पर्धी हर्षवर्धन याच्या आश्रयाला होता. ही शंका रास्त आहे. तरी केवळ तेवढ्यावरून संपूर्ण वृत्तांत खोटा ठरविता येत नाही.

अर्वाचीन काळातील साक्ष अधिक पक्की आहे. फ्रान्सिस बुकॅनन याने १८११ मध्ये बोधगयेचा वृक्ष जोमात असलेला पाहिला. अलेक्झांडर कनिंगहॅम याला १८६२ मध्ये तो बराच कुजलेला दिसला, आणि १८७६ मध्ये वादळात त्याचा उरलासुरला भाग कोसळला. त्याचे बी लोकांनी आधीच गोळा करून ठेवलेले होते आणि त्याची रोपे तयार होती, असे कनिंगहॅमनेच लिहून ठेवले आहे. १८८१ मध्ये नवे झाड लावण्यात आले. आज यात्रेकरू ज्याच्यासमोर बसतात ते हेच होय. मंदिरामागे केलेल्या खोदकामात कनिंगहॅमला जुन्या पिंपळाच्या लाकडाचे तुकडेही सापडले. पिंपळ लवकर वाढणारा व अल्पायुषी असल्याने त्या एकाच जागी झाडामागून झाड लागत गेले असावे, असे त्याचे अनुमान होते. बोधगयेचे आजचे झाड श्रीलंकेहून आणले, असे आपल्याकडील भाषणांतून अनेकदा सांगितले जाते. कनिंगहॅमची नोंद तसे म्हणत नाही. या बाबतीत कानावर आलेल्या गोष्टीपेक्षा लिखित नोंदीवर विसंबणे बरे.

परंतु शाखेची खरी परंपरा श्रीलंकेतच आहे. इ. स. पू. तिसऱ्या शतकात संघमित्ता थेरींनी बोधिवृक्षाची दक्षिण शाखा सिंहल द्वीपाला नेली, ही कथा महावंसाच्या अठराव्या व एकोणिसाव्या परिच्छेदात सविस्तर आली आहे. बोधिवृक्षाला शस्त्र लावणे अशोकाला मान्य नव्हते. म्हणून त्याने शाखेवर मनशिळेची रेघ ओढली आणि शाखा आपोआप सुटून सुवर्णपात्रात स्थिर झाली, असे ग्रंथकार म्हणतो. रेघ अर्थातच माळ्याच्या हत्याराने पूर्ण झाली असली पाहिजे. पण हत्याराचे नाव घेण्याची ग्रंथकाराला जी लाज वाटते तिच्यात भूतगाम शिक्षापदाचा संस्कार दिसतो.

याच परिच्छेदात माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचा एक तपशील आहे. त्या शाखेच्या देखभालीसाठी अशोकाने तिच्यासोबत जी कुळे पाठविली त्यांत राजकुळे, अमात्यकुळे, ब्राह्मण आणि श्रेष्ठी आहेतच. पण गवळी आहेत, विणकर आहेत, कुंभार आहेत, सर्व प्रकारचे कारागीर आहेत, आणि तरच्छ व कुलिंग नावाची कुळे आहेत. तरच्छ म्हणजे तरस आणि कुलिंग हा एक पक्षी. प्राण्यांची नावे लावणाऱ्या या कुळांना बहुधा गणचिन्हे असावीत. झाड जगवावयाचे म्हणजे पाणी घालणारे, कुंड्या घडविणारे, राखण करणारे हात हवेत, हे पाठविणाऱ्याला ठाऊक होते. ताम्रलिप्तीहून निघालेले गलबत जंबुकोलाला लागले तेव्हा राजा देवानंपिय तिस्स गळ्यापर्यंत पाण्यात उतरून सामोरा गेला. शाखा अनुराधपुराच्या महामेघवनात लावली गेली. तिच्या फळांपासून प्रथम आठ आणि मग बत्तीस रोपे निघाली आणि ती द्वीपभर वाटली गेली. ही वाटणी म्हणजे एक प्रकारची विमा-योजनाच होती. एके ठिकाणी घात झाला तरी बाकीची राहतील.

पुढे अनुराधपूर ओस पडले. चोळांच्या आक्रमणानंतर अकराव्या शतकात राजधानी पोलोन्नरुवाला गेली आणि जुन्या नगरीवर अरण्य माजले. राजवाडे ढासळले. वृक्ष मात्र टिकला, कारण भिक्खू आणि आसपासचे गावकरी तेथून हलले नाहीत. अठराव्या शतकात त्याच्याभोवती जी भिंत घातली गेली ती शत्रुसैन्याला अडविण्यासाठी नव्हती, तर रानहत्तींपासून झाड वाचविण्यासाठी होती, असे तेथील परंपरा सांगते; आणि ती बांधविली एका थेरांनी. आज सोनेरी टेकूंच्या आधाराने उभी असलेली ही शाखा, ज्याच्या लागवडीचा काळ ज्ञात आहे असा मानवी हातांनी लावलेला जगातील सर्वांत जुना वृक्ष मानली जाते. मागे कनिंगहॅमने पिंपळाला अल्पायुषी म्हटल्याचे सांगितले. बुंध्यापुरते ते खरे असेल. पण माणसाने टेकू दिले, माती घातली, हत्ती अडविले तर हेच झाड बावीस शतके टिकते. १९१३ मध्ये अनागारिक धर्मपालांनी या वृक्षाचे एक रोप हवाई बेटावरील आपल्या आश्रयदात्या मेरी फोस्टर यांना दिले; होनोलुलूच्या उद्यानात त्याचा वृक्ष झाला आहे. पिंपळाचा कीटक त्या बेटांचा मूळ रहिवासी नव्हे. एवढ्या अंतरावर माणसाच्या हातावाचून बोधिवृक्षाला दुसरे वाहन नव्हते.

दीक्षाभूमीवरील वृक्ष या परंपरेतील आहे. अनुराधपुराच्या वृक्षाच्या तीन शाखा भदन्त आनंद कौसल्यायन यांनी श्रीलंकेहून आणून १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेचे स्मारक म्हणून येथे लावल्या. भदन्तजींचा जन्म १९०५ मध्ये पंजाबात झाला. त्यांनी श्रीलंकेत प्रव्रज्या घेतली, तेथेच पालि वाङ्मयाचे अध्ययन केले आणि पुढे तेथे अध्यापनही केले. संपूर्ण जातकाचा सहा खंडांत हिंदी अनुवाद त्यांनी केला. बाबासाहेबांच्या 'द बुद्धा अँड हिज धम्मा' या ग्रंथाचा हिंदी अनुवाद त्यांचाच. १९८८ मध्ये नागपुरातच त्यांचे निधन झाले. म्हणजे ज्याने कालिंगबोधि जातक हिंदीत आणले त्यानेच बोधिशाखा नागपुरात लावली. भारतातून लोपलेले पालि त्रिपिटक ज्या बेटाने जपले त्याच बेटाने शाखाही जपली, आणि दोन्ही एकाच माणसाच्या हातून आपल्याकडे परत आली. पालिच्या विद्यार्थ्याला हा योग विसरता येत नाही.

आणखी एक गोष्ट. नागपूर का निवडले, हे १५ ऑक्टोबर १९५६ च्या भाषणात सांगताना बाबासाहेबांनी नागलोकांचा आणि येथून वाहणाऱ्या नाग नदीचा उल्लेख केला होता. संबोधीनंतरच्या पावसात तथागतांवर फणा धरणारा मुचलिंद नागराज याच प्रदेशातील पवनीच्या स्तूपाच्या स्तंभावर कोरलेला सापडला आहे. तो स्तूप १९६९-७० च्या उत्खननात उजेडात आला. बाबासाहेबांना तो पाहता आला नाही.

त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे परत येतो. खेड्यात पिंपळाला पार असे आणि त्या पारावर आपल्या आजोबांना बसता येत नसे. सावली सगळ्यांसाठी होती, पार नव्हता. शिवाय त्याच झाडावर मुंजा बसविलेला, म्हणजे रात्री जवळ जावयाची भीती. हाच वृक्ष आपल्या पिढीने विहाराच्या अंगणात लावला आणि त्याच्याखाली मुले अभ्यासाला बसविली. 'द बुद्धा अँड हिज धम्मा'मध्ये बाबासाहेबांनी संबोधीच्या प्रसंगातून सर्व अद्भुत काढून टाकले आहे. तेथे गौतम चाळीस दिवस पुरेल एवढे अन्न जमवून झाडाखाली बसतो आणि मनातील दुष्प्रवृत्तींशी झुंजतो. झाड तेथे आहे ते सावलीपुरते. मला वाटते, तेवढे पुरेसे आहे. नवस बोलणे, सूत गुंडाळणे, धनाची मागणी करणे हे झाडाला देव करणे होय, आणि दुर्दैवाने बोधिवृक्षाला धागे बांधणारे आपल्यातही दिसू लागले आहेत. त्यांना स्पष्ट शब्दांत थांबविले पाहिजे. ज्याच्या सावलीत बसलो त्याची राखण करणे ही कतञ्ञुता आहे आणि ती निराळी गोष्ट आहे.

राखणीचा प्रसंग आपल्याच काळात येऊन गेला. दीक्षाभूमीच्या परिसरात भूमिगत वाहनतळासाठी मोठे खोदकाम सुरू झाले तेव्हा स्तूपाला धोका होईल या भीतीने १ जुलै २०२४ रोजी हजारो लोक तेथे जमले, काम बंद पाडले आणि शासनाला स्थगिती जाहीर करावी लागली. त्या दिवशी जे जाळपोळीचे प्रकार झाले त्यांचे समर्थन करता येत नाही. पण पिंपळाची मुळे खोडापासून किती दूरवर पसरतात हे ज्याला ठाऊक आहे त्याला त्या खड्ड्याची चिंता केवळ स्तूपापुरती वाटली नसेल. प्रकल्प मंजूर करणाऱ्यांनी वस्तीतल्या लोकांना आधी विचारले असते तर पुष्कळ टळले असते. आळवीच्या लोकांची कुरकुर तथागतांनी ऐकून घेतली होती.

गेल्या पावसाळ्यात आमच्या विहाराच्या गच्चीच्या कठड्यात पिंपळाचे एक रोप उगवले. कोणत्या पाखराने कोठले बी आणले हे कोण सांगणार? वर्षावासासाठी आलेले भन्ते ते रोज पाहत होते. मूळ गच्चीत शिरले तर गळती लागणार हे त्यांना दिसत होते. पण ते स्वतः उपटू शकत नव्हते, आणि 'उपटा' असे म्हणूही शकत नव्हते. विनयाने यातून एक वाट ठेवली आहे : भिक्खूने एवढेच म्हणावे की हे जाणा. एका रविवारी त्यांनी तो प्रश्न विचारणाऱ्या माझ्या विद्यार्थ्याला वर बोलावले, रोपाकडे बोट केले आणि म्हणाले, "हे पाहून घ्या." त्याने खुरपे आणले, कठड्याचे प्लास्टर हळूहळू खरवडले, मुळे न तुटू देता रोप काढले आणि विहारामागच्या मोकळ्या जागेत, भिंतीपासून चांगले तीस पावले मोजून, लावले.